घर पाडण्याआधी अंगणात यंत्र फिरवायचं आहे, तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात आजोबांचं मातीचं घर आहे, शंभरेक वर्षांचं. ते पाडून तिथे स्लॅबचं घर बांधायचं ठरलं आहे. न्हाणीजवळ शोषखड्डा खोदताना तांब्याची दोन नाणी निघाली. जावयाने नागपूरहून गॅरेट कंपनीचं एस (ACE) २५० हे धातुशोधक यंत्र आणून अंगणात फिरवलं, तर ते जागोजागी वाजतं. शेजारपाजारचे म्हणतात गुप्तधन आहे, आणि एक जण ‘जाणकार’ माणूस घेऊन यायला तयार आहे. यंत्र बिघडलं आहे का, शोधायचं कुठे, आणि सापडलेलं घरी ठेवता येतं का, असं विचारलं आहे.

भाऊ, यंत्र बिघडलेलं नाही. ते तुमच्या जमिनीवर वाजतंय.

दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातली ही माती यंत्राला दोन्हीकडून छळते. एक तर ती काळ्या दगडाच्या, म्हणजे बेसाल्टच्या झिजेतून झालेली आहे आणि तिच्यात लोहाचे चुंबकीय कण भरपूर असतात. दुसरं म्हणजे तिच्यातले क्षार. यंत्राची चकती जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते. त्यामुळे धातूच्या तुकड्यात बारीक विद्युतप्रवाह उठतात आणि त्यांचा पडसाद चकतीला ऐकू येतो. ओली खारी माती स्वतःच वीज वाहून नेते, म्हणून तीही असाच पडसाद देते. समुद्रकिनाऱ्यावर साधी यंत्रं बडबडतात ती ह्याच कारणाने. हेच यंत्र भंडारा-गोंदियाकडच्या सिहार मातीत न्या, बरंच शांत चालेल.

त्यात एस २५० मध्ये ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा पडसाद वगळण्याची जुळणी, कारखान्यातूनच ठरवून येतो, आपल्याला बदलता येत नाही. आपल्या काळ्या मातीसाठी तो हाताने बसवता येणारं यंत्र चांगलं, पण एका अंगणासाठी नवीन यंत्र घेऊ नका. आहे त्याचीच संवेदनशीलता दोन-तीन घरं खाली आणा. लोक नेमकं उलटं करतात, काटा शेवटपर्यंत चढवतात आणि मग जमिनीच्या गोंगाटात नाणं हरवून बसतात. अशा मातीत कमी संवेदनशीलतेवरच जास्त खोलचं ऐकू येतं. चकती जमिनीपासून दोन-तीन बोटं वर, समांतर आणि अगदी सावकाश फिरवा. जिथे वाजेल तिथे आडव्या दिशेने पुन्हा फिरवून बघा. दोन्हीकडून त्याच जागी स्वच्छ आवाज आला तरच खोदा. एका दिशेने वाजतं, दुसऱ्या दिशेने गप्प, असं असेल तर ती माती आहे किंवा वाकडा खिळा.

घराजवळ डीपी असेल किंवा अंगणावरून तारा गेल्या असतील तर त्याचाही गोंगाट येतो. लोडशेडिंगची वेळ धरा. वीजवाल्यांना आपण एरवी शिव्या देतो, पण ह्या एका कामासाठी त्यांचे आभार मानावेत. टिनाच्या शेडपासून चार-पाच हात लांब रहा. आणि आत्ता पावसाळ्यात शोधू नका. दिवाळीनंतर वरची ओल उडते, पण माती अजून खुरपीने निघते. दिवाळी ते संक्रांत हा आपल्याकडचा हंगाम. पुढे एप्रिल-मे मध्ये तीच माती सब्बलने फुटत नाही.

आता ती दोन नाणी. तुम्ही पाठवलेल्या फोटोत जे गोल, रेखीव आहे ते ईस्ट इंडिया कंपनीचं पाव आण्याचं नाणं, म्हणजे आपला जुना एक पैसा. एका बाजूला कंपनीचं सिंहांचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला पानांची माळ, आणि साल १८३५. दुसरं वेडंवाकडं जाड आहे ती शिवराई. ‘श्री राजा शिव’ मधली ‘राजा’ ही अक्षरं स्पष्ट वाचता येतात. मागे ‘छत्रपति’ असणार. शिवराई म्हटलं की लगेच ‘शिवकालीन नाणं सापडलं’ अशी बातमी होते. पण शिवराया महाराजांच्या नंतरही कितीतरी टाकसाळींत पिढ्यान्‌पिढ्या पाडल्या गेल्या आणि एकोणिसाव्या शतकात अगदी सर्रास चालत होत्या. कंपनीचा पैसा आणि शिवराई एका खड्ड्यात निघणं यात काहीच नवल नाही. त्या काळात दोन्ही एकाच चंचीत असायची.

आणि ती न्हाणीजवळ निघाली, हेही अगदी अपेक्षेप्रमाणे. इथे मला जे खरं सांगायचं आहे ते येतं. अंगणात माणसाने पुरलेलं शोधू नका, सांडलेलं शोधा. पुरणारा माणूस जागा लक्षात ठेवतो आणि सहसा परत येऊन काढूनही नेतो. सांडणाऱ्याला पत्ताच नसतो. त्यामुळे पैसा कुठे मिळेल हे यंत्राआधी माणसाच्या उठण्याबसण्यावरून कळतं.

आपल्या आज्या-पणज्यांच्या कपड्याला खिसे नव्हते. पुरुषाचा पैसा धोतराच्या कनवटीला नाहीतर पानतंबाखूच्या चंचीत, बाईचा पदराच्या गाठीला नाहीतर ओच्यात. कनवटीचा पैसा पडतो कधी? कपडा सुटतो तेव्हा, उकिडवं बसून उठताना, आणि झोपेत. म्हणून न्हाणी पहिली. तिथे कपडा सोडला जातो आणि पाण्याबरोबर नाणं मोरीतून बाहेर जातं. न्हाणीचं सांडपाणी जिथे केळीच्या नाहीतर अळूच्या गड्ड्यात जायचं तो सगळा ओघळ तपासा. तो आता कोरडा असेल, बुजलेला असेल, पण उतार सांगतो.

त्यानंतर बाजेची जागा. उन्हाळ्यात अख्खं घर अंगणात बाजा टाकून झोपायचं. रात्रभर कूस बदलता बदलता कनवटीतला पैसा सुतळीच्या विणीतून खाली जातो, सकाळी बाज उचलून भिंतीला उभी केली की विषय संपला. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बाहेर अंगणात घेऊन या आणि विचारा, बाजा कुठे टाकत होते, आबाजी कुठे झोपायचे, कासार बांगड्या भरायला आला की कुठे बसायचा, उखळ कुठे होतं, सालगड्याचा हिशेब कुठे व्हायचा. खुर्चीवर बसून विचारलं तर आठवत नाही, जागेवर नेलं की हात आपोआप दाखवतो. मी तर म्हणेन यंत्र हातात घेण्याआधी ह्या कामाला एक अख्खी सकाळ द्या. कागदावर अंगणाचा साधा नकाशा काढून त्यावर ह्या जागा लिहा.

छपरीची बाहेरची कड, पायरीच्या दोन्ही बाजू, निंबाच्या झाडाचा बुंधा आणि कोठ्याचं दार ह्या पुढच्या जागा. उंबऱ्याखाली आणि मुख्य चौकटीखाली जे मिळतं ते बहुतेक वेळा पडलेलं नसतं, बांधताना पूजा करून ठेवलेलं असतं. चौकट बसवताना खाली पैसा ठेवायची रीत होतीच. ते नाणं हाती लागलं तर त्याचं साल नीट टिपून ठेवा. घर त्या सालाच्या आधी बांधलेलं नाही, एवढं पक्कं कळतं, आणि तुमचं ते ‘शंभरेक वर्षांचं’ किती खरं हेही तपासता येईल.

अंगणाच्या मधोमध मात्र फार अपेक्षा ठेवू नका. तिथे रोज सडा, रोज झाडझूड. झाडलेलं सगळं गेलं उकिरड्यावर, आणि शेणखताचा गड्डा दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर बंडीत भरून वावरात रिकामा झाला. त्यामुळे अंगणातली अर्धी नाणी गावालगतच्या वावरात असतात. घरातला पैसा एक तर उकिरड्याच्या जुन्या जागेवर शोधायचा, नाहीतर ज्या वावरात वर्षानुवर्षं घरचं खत गेलं तिथे, तूर निघाल्यावर. वावरात काळी माती असेल तर आणखी एक अडचण येते. उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, नाणं सरळ भेगेत जातं, पावसात भेग मिटते. मग ते यंत्राच्या टप्प्याबाहेर. एस २५० सारख्या यंत्राला रुपयाएवढं नाणं साधारण वीतभर खोलीपर्यंत कळतं, आपल्या मातीत त्याहूनही कमी. भेगेत उभं अडकलेलं नाणं तर वर असूनही नीट वाजत नाही.

एक गोष्ट फार कमी लोक ध्यानात घेतात. तुमच्या भिंती कुठल्या मातीच्या आहेत? वऱ्हाडात मातीचं घर उभं राहायचं ते पांढरीच्या मातीचं. ही पांढरी माती म्हणजे जुन्या वस्तीची माती. शेकडो वर्षांची राख, शेण, पडकी घरं कुजून ती तशी होते. ती गावच्या गढीवरून, नाहीतर एखाद्या रिठी, म्हणजे उजाड झालेल्या गावाच्या टेकाडावरून गाड्या भरभरून आणली जायची. त्या मातीबरोबर खापरं आली, मणी आले, आणि नाणीही आली. म्हणून शंभर वर्षांच्या घराच्या पडवीत बहामनी काळाचा जाड तांब्याचा तुकडा, नाहीतर सातवाहनांचं हत्तीचं नाणं निघू शकतं, आणि त्याचा तुमच्या घराशी काडीचा संबंध नसतो. तो संबंध असतो माती जिथून आणली त्या टेकाडाशी. असं काही निघालं तर माती कुठून आणली हे विचारून लिहून ठेवा. आणि मग हावरेपणाने ते टेकाड उकरायला जाऊ नका. का, ते पुढे सांगतो.

सातवाहनांच्या नाण्यांचा विषय निघालाच आहे, तर ती यंत्रावर कशी वाजतात हे सांगतो, कारण इथे एस २५० फसवतं. त्याच्या पडद्यावरचे आकडे अमेरिकी सेंट-डॉलरचे आहेत, आणि ‘कॉइन्स’ हा मोड त्या नाण्यांवर बेतलेला आहे. तांबं आणि चांदी आपल्याकडेही वरच्या टोकाला वाजतात, ते ठीक. पण पोटीन, म्हणजे तांबं-कथील-शिशाच्या मिश्रणाची नाणी आणि शिशाची नाणी बरीच खाली, गोळ्यांच्या चांदीच्या पाकिटाच्या आसपास वाजू शकतात, आणि तो मोड पाकिटाचा आवाज गाळून टाकतो. १९०७ पासून आलेली निकेल मिश्रणाची आणेली, अ‍ॅल्युमिनियमचे दोन-तीन-पाच पैसे हेही मधल्या भागात येतात. १९८८ नंतरचे पोलादी चार आणे, आठ आणे तर यंत्राला चक्क लोखंडच वाटतात. म्हणून ‘कॉइन्स’ मोड सोडून द्या. सर्व धातू ऐका, फार तर सगळ्यात खालचं लोखंडाचं घर बंद करा.

मग कचरा खूप निघेल, त्याला इलाज नाही. आपल्या अंगणाचा कचरा ठरलेला आहे. बैलाच्या नाला, तारेचे तुकडे, टिनाचे खिळे, टॉर्चचे मेलेले सेल, देशीच्या बाटलीची बुचं, फवारणीच्या औषधाच्या डब्याचं चंदेरी सील, फवारणी पंपाचं पितळी नोझल. यातला सेल सगळ्यात लबाड, हुबेहूब नाण्यासारखा ठाम वाजतो. मोठं लोखंडही कधीकधी चांदीच्या घरात उडी मारतं. त्याला ओळखायचं तर चकती हळूहळू बाजूला नेत ऐका. नाण्याचा आवाज चटकन संपतो, नांगराच्या फाळाचा लांबपर्यंत रेंगाळतो. अंगणात सहा इंची लहान चकती मिळाली तर उत्तम, कचऱ्यातून नाणं वेगळं काढायला ती फार कामी येते.

खोदणं सोपं आहे, पण घाई नडते. टिकास-सब्बल लांब ठेवा. आवाजाच्या मध्यापासून वीतभर अंतरावर खुरपीने गोल कापा, माती पोत्यावर काढा, आधी खड्डा आणि मग पोत्यावरची माती यंत्राने तपासा. नाण्याला खुरपी लागली की ओरखडा कायमचा. जुन्या दगडांच्या सांदीत उघडा हात घालू नका, विंचू आपल्याआधी तिथे राहायला आलेला असतो. आणि खोदण्याआधी मीटरच्या अर्थिंगची तार आणि नळाची पाईप कुठून गेली आहे ते बघून घ्या.

खारपाणपट्ट्यातलं तांबं जमिनीतून निघालं की आजारी निघतं, हे लक्षात असू द्या. क्षारांमुळे नाण्यावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी येते. ती दमट हवेत वाढत जाते आणि नाणं आतून खाते. गडद हिरवा किंवा तपकिरी, घट्ट थर वेगळा. तो नाण्याचं रक्षण करतो, त्याला हात लावू नका. चिंच, लिंबू, राख, पितांबरी, दात घासायचा ब्रश हे सगळं लांब. घासून चकचकीत केलेलं नाणं संग्राहकाच्या लेखी मेलेलं असतं. शुद्ध केलेल्या पाण्यात, बॅटरीत टाकतात त्या पाण्यात, काही तास ठेवा, पाणी बदला, माती आपोआप सुटेल तेवढीच सुटू द्या. नंतर पूर्ण वाळवून कागदी पाकिटात ठेवा. मऊ प्लास्टिकच्या अल्बममध्ये ठेवलं तर त्या प्लास्टिकमुळेच हिरवा चिकटा येतो. पाकिटावर तारीख, नकाशावरची जागा आणि खोली लिहा.

आता कायदा. ह्याबद्दल गावात दोन टोकांच्या अफवा असतात. एक म्हणजे आपल्या जागेत मिळालं ते आपलं, दुसरी म्हणजे सरकारला कळलं की सगळं जप्त. दोन्ही चूक.

१८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची असेल तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं: काय सापडलं, अंदाजे किंमत किती, कुठे आणि कोणत्या तारखेला. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची, नाहीतर मागाल तेव्हा हजर करीन अशी हमी द्यायची. कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. दहा रुपयांची मर्यादा १८७८ ची आहे, आज तीत एक शिवराईसुद्धा बसत नाही. एखाददुसरा हरवलेला पैसा म्हणजे ‘दडलेला निधी’ होतो का यावर वाद घालता येईल, पण तो वाद तुम्ही कशाला अंगावर घेता? आधीच तहसीलदारांमार्फत एक अर्ज द्या की घर पाडतोय, काही जुनी नाणी निघाली आहेत, सोबत फोटो आणि यादी जोडली आहे. पोच घ्या. पोलीस पाटलालाही सांगून ठेवा. उद्या गावात आवई उठली की ह्याच्या घरी हंडा निघाला, तेव्हा तोच पोचेचा कागद उपयोगी पडतो.

पुढे काय होतं? जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात, हक्क सांगणाऱ्यांना मुदत मिळते, नोटिशीनंतर चार महिन्यांच्या आत नाही आणि सहा महिन्यांनंतर नाही. कोणी म्हणालं की हे शंभर वर्षांच्या आत आमच्याच माणसाने पुरलं होतं, आणि त्यात तथ्य दिसलं, तर प्रकरण दिवाणी न्यायालयात जातं. कोणीच मालक नाही असं ठरलं, तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जागेच्या मालकाला एक हिस्सा, अशी वाटणी कायद्यातच आहे, दोघांचा आपसात वेगळा करार नसेल तर. सरकारला वस्तू हवी असेल तर ती धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देऊन घेते. म्हणजे इथे यंत्र चालवणारा जावई सापडणारा ठरेल, आणि मालक म्हणून ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर ज्यांची ज्यांची नावं आहेत ती सगळी काका-आत्या मंडळी. म्हणून यंत्र फिरवण्याआधी सगळ्यांच्या सह्यांचा एक साधा कागद करून घ्या. नाण्यापायी नाही, पण ‘लपवलं’ ह्या संशयापायी भाऊबंदकी होते, आणि ती तीन पिढ्या मिटत नाही.

शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. संरक्षित स्मारकाच्या किंवा टेकाडाच्या हद्दीत तर खोदण्याचं नावच काढायचं नाही. हे मी दर्यापूरपेक्षा पवनी, अडम, नगरधन, मनसर, कौंडण्यपूर भागातल्या वाचकांसाठी सांगतोय. पवनीत तर आजचं गावच जुन्या तटाच्या आत वसलेलं आहे. तिथे परसातला खड्डा हा उत्खननाचाच खड्डा होतो. गडचिरोलीच्या लोकांना वेगळीच सूचना: तिथे हे यंत्र जंगलाच्या वाटेवर घेऊन फिरू नका. तिकडे भूसुरुंग शोधायला पोलीस अशाच प्रकारची यंत्रं वापरतात, आणि तुम्ही कशासाठी फिरताय हे समजावून सांगेपर्यंत दिवस जाईल.

आता समजा खरंच भांडं लागलं. वऱ्हाडात ते अशक्य नाही. पेंढाऱ्यांच्या धाडींच्या काळात लोकांनी पैसा जमिनीत घातला, आणि बँका नव्हत्या तोवर चुलीमागे, पेवात पैसा ठेवणं ही साधी व्यवहाराची गोष्ट होती. गडवा किंवा गुंड, म्हणजे मोठी घागर, एकट्या नाण्यापेक्षा बराच खोलवरून वाजतो, आवाजही मोठा आणि पसरट येतो. मडक्याची कड दिसली की हात थांबवा. बाहेर ओढू नका, आत हात घालू नका. फोटो काढा, वर ताडपत्री टाका आणि त्याच दिवशी तहसीलला कळवा. नाणी कोणत्या क्रमाने, कशात, कापडात की उघडी, हे एकदा बिघडलं की परत जुळत नाही. वाशीम जिल्ह्यात मंगरुळपीरजवळ तऱ्हाळ्याला १९३९ साली सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा साठा निघाला, दीड हजारांहून जास्त नाण्यांचा. तो एकत्र राहिला, इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींना अभ्यासता आला, म्हणून पुराणांच्या यादीत नसलेल्या सातवाहन राजांची नावं आपल्याला कळली. तीच नाणी बाजारात पाच-पाच, दहा-दहा करून विकली गेली असती तर ते राजे झालेच नाहीत असं आपण आजही मानलं असतं.

त्या ‘जाणकार’ माणसाला दारातूनच परत पाठवा. नारळ तळहातावर उभा राहतो, तांब्याच्या सळया वळतात, पायाळू माणसाला जमिनीतलं दिसतं, हे सगळं ऐकून माहीत आहे. शंभर मीटरवरून सोनं दाखवणारी अँटेनावाली महागडी यंत्रं त्याच पठडीतली, आणि तांदूळ ओढणारं भांडं, ज्याला हे लोक राईस पुलर म्हणतात, तेही. गुप्तधनाच्या नावाखाली आपल्याकडे लेकराबाळांच्या जिवावर बेतलेलं आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात धनासाठी केलेले अघोरी प्रकार गुन्हा आहेत, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि असं करायला मदत करणाराही सुटत नाही. शेजारी रागावला तर रागावू द्या.

किमतीचं विचारलं नाहीत, पण विचाराल. १८३५ चा पैसा आणि तुमच्यासारखी शिवराई ह्या सर्वसाधारण वस्तू आहेत, संग्राहक त्यांना फार पैसे मोजत नाहीत. व्हिक्टोरियाची १८६२ सालाची नाणीही वऱ्हाडात खूप दिसतात. एक तर १८६२ हेच साल पुढे कित्येक वर्षं नाण्यांवर तसंच राहिलं. दुसरं कारण मला कापूस वाटतं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस थांबला, इंग्रजांनी इकडचा उचलला, आणि अमरावती-खामगावकडे रोकड वाहत आली. मग चांदीचे रुपये अंगणात का मिळत नाहीत? कारण ते सांडलेच नाहीत. ते सोनाराकडे गेले, गोट-वाळे झाले, आणि दुष्काळात सावकाराकडे गेले. राणीछाप रुपया मिळालाच तर तो ११.६६ ग्रॅमचा, जवळपास ९२ टक्के चांदीचा, तेव्हा निदान चांदीची किंमत तरी आहेच. १९११ सालाचा रुपया मिळाला तर मात्र जपा. त्यावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, बरेच रुपये परत घेतले गेले आणि पुढच्या वर्षी चित्र बदललं. मोबाईलवर ‘जुनं नाणं द्या, लाखो घ्या’ म्हणणाऱ्यांना ओटीपी तर सोडाच, फोटोही पाठवू नका. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून हा धंदा चालतो, आणि बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये त्याबद्दल जाहीर इशाराही दिला आहे. ओळख पटवायची असेल तर नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात, विचारा. तिथे नाण्यांचा चांगला संग्रह आहे.

राहिला जेसीबीचा दिवस. खरं काम त्या दिवशी आहे, कारण तुमचा सगळ्यात मोठा साठा अंगणात नसून भिंतीत आहे. मशीन यायच्या आधी कोनाडे, देवळी, मयालीच्या, म्हणजे तुळईच्या टोकाखालची भोकं आणि चौकटीच्या खालचा भाग हाताने मोकळा करून घ्या. मग भिंत पडली की पांढरी माती ठेकेदाराला लगेच उचलू देऊ नका, ती दुसऱ्याच्या प्लॉटवर भरतीला जाते. परसात एका बाजूला टोंगळ्याएवढा नाही, वीतभर जाडीचा थर करून पसरायला सांगा, वाळवा, यंत्र फिरवा, थर उलटा करा, पुन्हा फिरवा. खिळे आणि तार काढली की भिंतीच्या मातीत कचरा अंगणापेक्षा फार कमी असतो, शिवाय ती कोरडी असते, म्हणजे क्षारांचा गोंगाटही नाही. तुमचं एस २५० तिथे पहिल्यांदाच नीट बोलेल. कोणत्या भिंतीची माती कोणत्या ढिगात, एवढं मात्र पाटीवर लिहून ठेवा.